एसेनगेल्दीची सात नावं

एसेनगेल्दीने तोंड उघडून 'मोकळं आहे' असं म्हटल्याशिवाय कोकबुलाक गावात कुणाच्या मुलीच्या कानात सोयरिकीचे डूल पडत नसत. तो मुल्ला नव्हता, पुढारीही नव्हता. तेहेतीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेला साधा पोस्टमन. पण पत्रं वाटता वाटता कोण कुणाचा, कुणाच्या आजोबांना किती भाऊ होते, त्यांतला कोणता युद्धावरून परतलाच नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात आणि एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत जमत गेलं. बापापासून वर सात पिढ्या मोजायच्या. मुलाची सात नावं, मुलीची सात नावं. त्यांत एकही माणूस सामाईक निघाला तर ती दोघं बहीण-भाऊ, मग त्यांचं एकमेकांवर कितीही प्रेम असो. नावं तर आम्हा कझाकांकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पण पोराचं पाठांतर वेगळं आणि एसेनगेल्दीचा शब्द वेगळा.

या माणसाला एक खोड होती. पत्र पेटीत टाकलं की तो दहा पावलं पुढे जायचा, थबकायचा, परत यायचा आणि पेटीच्या फटीला डोळा लावायचा. पत्र आत आहे ना? आहे. पुन्हा दहा पावलं. पुन्हा परत. एखाद्या दिवशी एकाच पेटीशी चारदा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर गावाने त्याची टर उडवली असती, पण पत्राच्या बाबतीत लोकांना हा प्रामाणिकपणा वाटला. खात्याने त्याला मानपत्र दिलं, ते बातिमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, काच लावून भिंतीवर टांगलं. माझं म्हणाल तर त्या मानपत्रानेच घात केला. माणसाच्या दुखण्याला शाबासकी मिळाली की ते दुखणं आहे हे त्याला तरी कसं कळावं?

सोयरिकीतही तेच झालं. सुरुवातीला तो दोन्हीकडची नावं वाचून चहा संपायच्या आत निकाल द्यायचा. पुढे दोन दिवस लागायला लागले, मग आठवडा, मग महिना. लोक त्याचं नाव आदराने तोडून म्हणायचे, "एसेके किती खोलात जातात!" जितका तो वेळ लावी तितका त्याचा शब्द जड होत गेला. आत काय चाललंय हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

उल्झानचं जमलं ते वसंतात. उल्झान म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, अल्माटीच्या एका इस्पितळात एमआरआयच्या यंत्रावर कामाला. मुलगा ओल्झास, नदीपलीकडच्या तालुक्यातला गुरांचा डॉक्टर. पोरं एकमेकांना पसंत, घरं तोलामोलाची. मुलाची आई झुपार डूल घेऊन यायला एका पायावर तयार. तिने सुनेच्या कानात डूल घातले की ठरलं. ओल्झासची सात नावं एका कागदावर लिहून आली आणि एसेनगेल्दी वही उघडून बसला.

"उल्झान एसेनगेल्दीची, एसेनगेल्दी मुकाशचा, मुकाश तुर्सिनचा, तुर्सिन देर्बिसालीचा, देर्बिसाली बोतबायचा..."

बोतबायपाशी गाडी अडली. देर्बिसाली आणि बोतबाय ही एकाच माणसाची दोन नावं तर नसतील? जुन्या काळी एकेकाला दोन-दोन नावं असायची. तसं असेल तर आपण सात नाही, सहाच मोजले. आणि न मोजलेला सातवा नेमका ओल्झासच्या घरातला निघाला तर? आपल्याच पोरीला आपण तिच्या भावाच्या घरात ढकलू. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

एका दमात म्हणायचं, उजव्या हाताच्या बोटांवर मोजायचं, मध्ये कुत्रं भुंकलं तर पहिल्यापासून, असे नियम हळूहळू आपोआप तयार झाले. कुणी केले हे त्यालाही सांगता आलं नसतं. एकदा बातिमाला ऐन बोतबायच्या वेळी शिंक आली. त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती भांडी टाकून बाहेरच गेली.

"अहो, घोडी व्यायलासुद्धा एवढे दिवस घेत नाही," ती दारातून म्हणाली. "पोरीचे केस पांढरे होईपर्यंत मोजणार आहात का?"

उल्झान आपल्या कोकेशी, म्हणजे बापाशी, फोनवर शांतपणे बोलायची. यंत्रात झोपलेल्या घाबरट माणसांशी बोलायची तिला सवयच होती.

"कोके, सहाच झाल्यासारखे वाटतात तर आठ मोजा ना."

"मोजले."

"मग?"

"नऊही मोजले."

"जुळला कुणी?"

"एकही नाही."

"मग अडलंय कुठे?"

"पाचव्यावर," एसेनगेल्दी म्हणाला.

तिचं म्हणणं त्याला पटत होतं, यातच तर सगळा घोळ होता. आपण करतोय तो निव्वळ वेडेपणा आहे हे त्याला स्वच्छ दिसत होतं. वेड्याला आपलं वेड कळत नाही म्हणतात; मग ज्याला कळतं तो शहाणा. आणि शहाणा माणूस असा बोटं मोजत अंगणात सकाळपासून दुपारपर्यंत उभा राहत नाही. मग आपण नक्की कोण, हे काही त्याला उलगडत नव्हतं. उलट त्याचाही विचार करताना मध्येच 'मुकाशचा, तुर्सिनचा' सुरू व्हायचं आणि मूळ विचार काय होता तेच तो विसरून जायचा.

उन्हाळा गेला. गावात कुजबुज सुरू झाली. एसेके स्वतःच्या मुलीच्या बाबतीतही बोलत नाहीत, म्हणजे काहीतरी सापडलंय. काय सापडलं असेल याच्याही दोन-तीन गोष्टी तयार झाल्या, आणि त्यांतली एक तर ओल्झासच्या आजीच्या चारित्र्यावर गेली. मग झुपारचा फोन आला, थेट बातिमाला.

"तुम्हाला विहीणबाई म्हणू की नको तेच कळेना झालंय," ती म्हणाली. "पहिला बर्फ पडायच्या आत काय ते सांगा. माझा मुलगा बाजारातला घोडा नाही, दात बघत बसायला."

बातिमाने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच ती नवऱ्यावर ओरडली नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून बसली. ते पाहून एसेनगेल्दी इतका घाबरला की उल्झान त्याला शहरात न्यायला आली तेव्हा त्याने कुठे आणि कशाला हेही विचारलं नाही.

इस्पितळात रौशान सेरिकोव्ना नावाची डॉक्टर होती. ठेंगणी, कानामागे पेन्सिल खोचलेली. तिने दोन तास त्याला प्रश्न विचारले. पेट्या, नावं, बोटं, कुत्रं, सगळं काढून घेतलं. असाच त्रास असलेल्या लोकांच्या मेंदूची चित्रं ती जमवत होती, तुम्हीही द्याल का, म्हणाली. एसेनगेल्दीने मान डोलावली. मुलगीच यंत्र चालवणार म्हटल्यावर नाही कशाला म्हणा!

"कोके, आत हलायचं नाही," उल्झानने त्याच्या कानात बोळे घालत सांगितलं. "समोरच्या फुलीकडे बघत राहायचं. काहीच करायचं नाही."

"काहीच म्हणजे?"

"काहीच. मन जाईल तिकडे जाऊ द्यायचं."

साठ वर्षांच्या आयुष्यात त्याला हे काम कुणी दिलं नव्हतं. यंत्राची ठोकाठोकी सुरू झाली. त्याने फुलीकडे पाहिलं. मन जाईल तिकडे जाऊ दे म्हणाली, आणि मन तडक मुकाशकडे गेलं. ठोक्यागणिक एक नाव. बोतबाय आला की यंत्र नेमकं आवाज बदलायचं, की परत पहिल्यापासून. बाहेर आला तेव्हा तो घामाघूम होता.

"डॉक्टर, मी लबाडी केली," त्याने पहिल्याच झटक्यात कबूल केलं. "काहीच करू नका म्हणालात आणि मी मोजत होतो. परत काढा चित्र."

"तेच तर हवं होतं, एसेके," रौशान सेरिकोव्ना हसून म्हणाली. यावर त्याचा आणखीच गोंधळ उडाला. काहीच करू नका म्हणायचं आणि केलेलंच हवं असायचं, ही कुठली रीत?

मग तिने पडद्यावर एक मेंदू दाखवला. राखाडी, मध्ये लाल-निळ्या रेघा.

"हा भाग, डोळ्यांच्या वरच्या अंगाचा. हा विचारतो, 'चुकलं तर नाही ना?' आणि खोल आत ही मंडळी आहेत, ती ठरवतात की झालं, आता पुढे चला. सगळ्यांच्याच डोक्यात यांची एकमेकांकडे ये-जा असते. तुमच्यासारख्या शेकडो लोकांची चित्रं एकत्र ठेवली की दिसतं, काही ठिकाणी ही ये-जा जरा जास्तच आहे आणि काही ठिकाणी कमी. विचारणारा विचारतच राहतो. 'झालं' हे त्याला पोचतच नाही म्हणा."

एसेनगेल्दी रेघांकडे टक लावून बघत होता. हे त्याच्या धंद्यातलं होतं.

"म्हणजे शेजारी शेजारी आपसातच सोयरिकी करत बसलेत," तो म्हणाला. "लांबच्या गावाला कुणी मुलगीच देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल कानामागून काढली. "हे मी उद्या विद्यार्थ्यांना सांगणार. अगदी तसं नाही, पण बरंच तसं."

"आणि हे चित्र माझं?"

"नाही, ही शेकडो जणांची सरासरी."

"मग माझं काय सांगतं?"

"तुमचं एकट्याचं काहीच सांगत नाही. एका माणसाच्या चित्रावरून हा आजार ओळखता येत नाही अजून. तो मी तुमच्याशी बोलून ओळखला."

"मग काढलंत कशाला?"

"शेकड्यात भर घालायला."

त्याने उल्झानकडे पाहिलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती. आजार आहे, पण चित्रात दिसत नाही. चित्रात दिसतो, पण त्याच्या नाही. नाती तुटत नाहीत, उलट काही जास्तच घट्ट आहेत आणि त्याचाच त्रास आहे. एसेनगेल्दीने हे सगळं तीनदा मनात घोळवून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळं निघालं.

एवढं मात्र त्याला कळलं की गोळ्या घ्यायच्या, त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतील. आणि सराव करायचा. एकदाच मोजायचं आणि वही मिटायची.

"शंका गेली की मिटायची?" त्याने विचारलं.

"शंका असतानाच मिटायची. ती जायची वाट बघाल तर बसून राहाल. तिला राहू दे घरात, फक्त जेवायला वाढू नका." मग कागदावर लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, "हे नावांचं कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," तो म्हणाला.

हे खोटं होतं. तोंडातून निघालं त्याच क्षणी त्याला कळलं की खोटं आहे आणि का आहे तेही कळलं. कुल्पान.

कुल्पान ही त्याच्या थोरल्या भावाची, साबितची मुलगी. भाऊ गेल्यावर एसेनगेल्दीच तिचा बाप. अकरा वर्षांपूर्वी तिचं सेरिक नावाच्या ट्रॅक्टरवाल्याशी जमलं होतं. तेव्हाही सेरिकची नावं कागदावर आली, तेव्हाही हा वही घेऊन बसला, आणि साबितही मुकाशचाच मुलगा असल्यामुळे तेव्हाही गाडी त्याच बोतबायपाशी अडली. त्याने नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. पाच महिने तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मुलाकडच्यांनी 'नातं निघालं' असा लावला आणि सेरिकचं दुसरीकडे लग्न झालं. गावाने एसेनगेल्दीचे आभार मानले, की वेळीच अनर्थ टळला. कुल्पानने तर आपल्या आगाचा, म्हणजे काकाचा, हात हातात घेतला होता. तुम्ही होतात म्हणून वाचले, आगा, म्हणाली होती. नंतर आलेली स्थळं तिने परतवली. आता छत्तीस वर्षांची होती, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि रोज संध्याकाळी काकाकडे येऊन गाईची धार काढून द्यायची.

परतीच्या प्रवासात उल्झान त्याला समजावत होती. "कोके, नुसतं 'मोकळं आहे' म्हणून भागायचं नाही. सहा महिने गप्प का होतात ते लोक विचारणारच. सरळ सांगून टाका आजार आहे म्हणून. लाज कसली त्यात? पोट दुखतं तसं डोकं."

"हो हो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. लाजेचं त्याला काही वाटत नव्हतं. आजार आहे असं एकदा चारचौघांत म्हटलं की तो कधीपासून आहे, हा प्रश्न येणार. आणि तो ज्या दिवशी येईल त्या दिवशी कुल्पान त्या खोलीत असणार.

गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि रविवारी दुपारी झुपार आली, दहा-बारा माणसं घेऊन. पहिल्या बर्फाला अजून चार दिवस होते, पण बाईला दम नव्हता. खोलीभर जेवणाचा दस्तरखान पसरला. तळलेले बाउरसाक, लोणी, घोड्याच्या मांसाचं ताट. कुल्पान समोवरापाशी बसून चहा ओतत होती. बातिमाने सकाळीच नवऱ्याला एक तोड सुचवून ठेवली होती. वही हरवली होती, काल सापडली म्हणायचं. तोड झकास होती. एसेनगेल्दीला ती मनापासून आवडली होती.

चहा झाल्यावर तो उठून उभा राहिला. वही उघडली. ओल्झासची सात नावं वाचली. मग उल्झानची. एसेनगेल्दी, मुकाश, तुर्सिन, देर्बिसाली, बोतबाय. बोतबायपाशी शंका आली, नेहमीएवढीच मोठी. गोळ्यांनी तिचं वजन तसूभरही कमी केलं नव्हतं. साम्रात, कोझान. बाहेर कुत्रंही भुंकलं. त्याने वही मिटली.

"मोकळं आहे," तो म्हणाला.

खोलीत एकदम गलका झाला. बातिमा रडायलाच लागली. पण झुपार हलली नाही. डुलांची डबी तिच्या मुठीत होती आणि ती तशीच राहिली.

"मोकळं आहे, तर मग सहा महिने कशाला लागले, एसेके?" ती म्हणाली. "माझ्या सासूबद्दल लोक काय काय बोलले ते माझ्या कानावर आलंय. काय सापडलं होतं तुम्हाला? आणि आता ते कुठे गेलं? स्पष्ट सांगा. नाहीतर उद्या माझी सून दारात पाऊल टाकेल आणि लोक तिच्यामागे कुजबुजतील."

एसेनगेल्दीने बातिमाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच खुणावलं: वही, वही. त्याने उल्झानकडे पाहिलं. ती खाली मान घालून हाताची नखं बघत होती आणि तिचे रिकामे कान लाल झाले होते. कुल्पानकडे त्याने पाहिलं नाही.

"काही सापडलं नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून मोकळंच होतं. मला आजार आहे. मला मोजलेलं पुरत नाही. झालं, असं डोक्याला पोचतच नाही माझ्या. शंका नात्याची नव्हती, डोक्याची होती. डॉक्टरकडे जाऊन आलो, गोळ्या चालू आहेत. तुमच्या सासूबाईंची मी माफी मागतो."

झुपारचा चेहरा सैल झाला. "माझ्या भावाला तर दाराची कडी कितीदा लावली तरी पुरत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्ही त्याला चिडवतो." ती उठली, उल्झानपाशी गेली आणि डबी उघडली. बायका पुढे सरसावल्या, कुणीतरी आशीर्वादाचं गाणं धरलं. पोरीच्या कानात डूल पडले. ते पाहताना एसेनगेल्दीला इतकं हलकं वाटलं की क्षणभर बाकी सगळं तो विसरला.

गाणं संपलं, माणसं पुन्हा बसली, पेले पुन्हा समोवराकडे निघाले. ते तिथेच थांबले.

"आगा," कुल्पान म्हणाली. तिने तोटी बंद केली होती. "हे कधीपासून आहे?"

गावातल्या माणसांना तिचा रोख समजायला वेळ लागला नाही.

"फार दिवसांपासून," तो म्हणाला.

"माझ्या वेळी होतं?"

"होतं."

"मग सेरिकच्या वेळची शंका कुठली होती? नात्याची की डोक्याची?"

आयुष्यभर ज्या एका शब्दापासून तो पळत होता, ज्याच्यासाठी पेट्यांच्या फटीला डोळे लावले आणि बोटं झिजवली, तोच शब्द त्याला आता उच्चारावा लागला.

"ठाऊक नाही, कुल्पान," तो म्हणाला. "मी तेव्हा शेवटपर्यंत पोचलोच नाही. पण सेरिकचा कागद अजून वहीत आहे. आता मोजतो. एकदाच मोजतो आणि सांगतो." तो घाईघाईने पानं उलटायला लागला.

"मोजू नका."

"अगं, दोन मिनिटांचं काम..."

"मोकळं निघालं तर मी काय करू?" कुल्पानने विचारलं. ती रडत नव्हती. खरंच विचारत होती, जणू तो वहीत बघून हेही सांगेल. "सांगा ना, आगा. अकरा वर्षांनी मोकळं निघालं, तर मी काय करायचं?"

त्याने वही मिटली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. कुल्पानने तोटी उघडली. पेले पुन्हा फिरायला लागले, झुपार मुद्दाम मोठ्याने हवेबद्दल काहीतरी बोलली. एसेनगेल्दी पेल्याकडे बघत बसला. कुल्पान साबितची, साबित मुकाशचा, मुकाश तुर्सिनचा. त्याने ओठ घट्ट मिटले होते. तुर्सिन देर्बिसालीचा. उजव्या हाताचा अंगठा वहीच्या पुठ्ठ्यावर एकेका बोटाकडे सरकत होता. त्याने मान वर केली, तर कुल्पान समोवराच्या वाफेतून त्याच्या अंगठ्याकडेच बघत होती.

"आगा," ती म्हणाली, "मनातसुद्धा नको."